सुपरवायझर झालात, आता माणसं कशी सांभाळाल? कामागणिक नेतृत्वाची पद्धत निवडण्याची रीत

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याचशा मशीन शॉपमध्ये सुपरवायझर एकाच वाटेने तयार होतो. जो सेटिंगमध्ये (नव्या जॉबसाठी मशीन लावण्यात) सगळ्यांत तरबेज आणि ज्याच्या हातून रिजेक्शन, म्हणजे नापास पीस, सगळ्यांत कमी, त्याला मालक एक दिवस केबिनमध्ये बोलावतात आणि दहा-बारा माणसं त्याच्या हवाली करतात. मशीन चालवायचं रीतसर शिक्षण त्याला मिळालेलं असतं, माणसं सांभाळायचं मात्र कुणीच शिकवलेलं नसतं. मग तो आपल्या आधीच्या साहेबांची नक्कल करतो. ते ओरडणारे असतील तर हाही ओरडतो. त्यांच्या ओरडण्याचा याला फार जाच झाला असेल, तर दुसरं टोक गाठतो आणि कुणालाच काही बोलत नाही.

दोन्ही वागणुकींचं मूळ एकच आहे: नेतृत्वाची पद्धत स्वभावावर सोडून दिलेली असते. ती माणूस आणि काम या दोन्हींकडे बघून ठरवावी लागते. एकाच माणसाला एका कामात बारीकसारीक सूचना द्याव्या लागतात आणि दुसऱ्या कामात पूर्ण मोकळीक. हे ठरवायचं कसं, ते पुढे पायरीपायरीने दिलं आहे. उदाहरणं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या शॉपची आहेत, पण अलकापुरीतल्या ऑफिसात किंवा एखाद्या शाळेच्या स्टाफरूममध्येही याच क्रमाने जाता येईल.

थोडी पार्श्वभूमी

1939 साली कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत साधारण दहा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर प्रयोग केला. काही गटांत मोठा माणूस फक्त हुकूम सोडायचा, काहींत मुलांशी चर्चा करून ठरवायचा, आणि काहींत मुलांना पूर्ण मोकळं सोडायचा. हुकमाच्या गटात तो खोलीत असेपर्यंत काम व्हायचं. तो बाहेर गेला की ढेपाळायचं. चर्चेच्या गटात त्याच्या असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नसे. मोकळं सोडलेल्या गटात काम सगळ्यांत कमी झालं. ही लहान मुलं होती आणि काम छंदाचं होतं, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा कारखान्याला लावू नये. पण मोकळीक देणं आणि वाऱ्यावर सोडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातून पक्कं दिसतं.

1969 मध्ये पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी मांडलं की कुठलीच एक पद्धत कायम योग्य नसते; समोरचा त्या कामात किती तयार आहे यावर ती ठरते. पुढे 1978 मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी देवाणघेवाणीचं नेतृत्व आणि माणसाला ध्येयाशी जोडून त्याच्यात बदल घडवणारं नेतृत्व असा भेद केला. शॉप फ्लोअरवर सगळ्यांत उपयोगी पडते ती हर्सी-ब्लँचर्ड यांची मांडणी, म्हणून या लेखाचा पाया तीच आहे.

पायरी 1: तक्ता मांडा

रजिस्टरचं एक आडवं पान घ्या. डावीकडे माणसांची नावं, वर कामं. कामं मोघम लिहू नका. ‘मशीन चालवणे’ हे काम नव्हे. जॉब सेटिंग, फर्स्ट पीस तपासणी, वेअर ऑफसेट देणे (हत्याराच्या झिजेने बदललेलं माप मशीनला आकडा देऊन सुधारणं), इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं पातं) बदलणे, प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती, फायनल इन्स्पेक्शन, शिफ्ट हँडओव्हरची नोंद, नव्या मुलाला शिकवणे अशी सहा ते आठ कामं पुरतात.

प्रत्येक चौकोनात दोन खुणा करायच्या. पहिली कसबाची:

0 – हे काम कधी केलेलं नाही.
1 – कुणी शेजारी उभं असेल तर करतो.
2 – एकटा करतो, पण नेहमीपेक्षा काही वेगळं दिसलं की हाक मारतो.
3 – चूक स्वतः पकडतो, कारण सांगतो, दुसऱ्याला शिकवू शकतो.

दुसरी खूण मनाची. करायची इच्छा आणि आत्मविश्वास दोन्ही असेल तर बरोबरची खूण, इच्छा आहे पण धास्ती वाटते तिथे प्रश्नचिन्ह, येत असूनही मन नाही तिथे फुली. प्रश्नचिन्ह आणि फुली यांत गल्लत होऊ देऊ नका. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, दोघेही काम टाळतात. पण घाबरणाऱ्याला दम दिला तर तो आणखी आक्रसतो, आणि मन उडालेल्याला पुन्हा शिकवायला बसलात तर त्याला तो अपमान वाटतो.

खुणा आठवणीवर करू नका. एक आठवडा रोज अर्धा तास नुसतं बघा आणि मगच पेन उचला. घाईने केलेल्या तक्त्यात बोलक्या माणसाला वरचे आकडे पडतात आणि अबोल माणसाला खालचे. हा तक्ता भिंतीवर मात्र लावू नका.

पायरी 2: चौकोन बघून पद्धत ठरवा

कसब 0 असेल तर थेट सांगा. 1 असेल तर सांगा, आणि ‘का’ तेही समजावा. 2 असेल तर निर्णय त्याला घेऊ द्या, तुम्ही प्रश्न विचारत जवळ राहा. 3 आणि बरोबरची खूण असेल तर काम सोपवा. कुठेही फुली असेल तर पद्धतीचा विचार नंतर, आधी एकांतात बोलणं.

थेट सांगणं

हुकूम देणं वाईट, असा समज अलीकडे फार पसरला आहे. आमच्या मते नवशिक्याला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणं हाच त्याच्यावर अन्याय आहे. त्याला काही वाटण्याइतकी माहितीच नसते. त्याला हवं असतं ते नेमकं सांगणं, आणि त्यात पाच गोष्टी याव्या लागतात: काय करायचं, किती, कधीपर्यंत, बरोबर झालं हे कसं ओळखायचं आणि कुठल्या क्षणी थांबून हाक मारायची. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते, आणि महागही तीच पडते.

वेअर ऑफसेटचंच घ्या. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास 25 आहे, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे 0.02, सगळं मिलिमीटरमध्ये. इन्सर्ट झिजत जातो तसा व्यास वाढतो. मायक्रोमीटरवर 25.015 आलं, तर मशीनच्या स्क्रीनवर वेअरच्या पानावर एक्सला, म्हणजे व्यासाच्या अक्षाला, उणे 0.015 द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण नवा मुलगा इथे तीन प्रकारे चुकतो. चिन्ह उलटं पडलं तर व्यास 25.030 होतो; जॉब मोठा राहतो, म्हणजे पुन्हा कापून वाचवता येतो. 0.015 ऐवजी 0.15 पडलं तर व्यास 24.865 वर जातो आणि तो पीस भंगारात. तिसरी चूक फॅनक कंपनीचा कंट्रोल असलेल्या मशीनवर होते. आधीच उणे 0.030 दिलेलं आहे आणि त्यात भर घालणारं ‘प्लस इनपुट’ दाबायच्या ऐवजी नुसतं ‘इनपुट’ दाबलं, तर जुना आकडा पुसून उणे 0.015 बसतो. व्यास कमी व्हायच्या जागी 0.015 ने वाढतो, आणि मुलगा म्हणतो, ‘साहेब, मी तर मायनसच दिलं होतं.’ तो खरंच बोलत असतो.

असं काम शिकवायला चार टप्पे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नव्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी ही रीत बसवली गेली आणि ती आजही चालते. आधी त्याला मोकळं करा आणि हे काम कशासाठी, ते सांगा. मग तुम्ही करून दाखवा, एका वेळी एकच गोष्ट, आणि चुकायची जागा बोट ठेवून दाखवा. तिसऱ्या टप्प्यात त्याला करू द्या, करताना तोंडाने बोलायला लावा. चौथ्यात तुम्ही बाजूला व्हा, पण केव्हा येऊन बघाल ते आधीच सांगून ठेवा. ऑफसेटसाठी पहिले दोन दिवस प्रत्येक आकडा बटण दाबण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचा. पुढचा आठवडाभर प्रत्येक बदलानंतरचा पहिला पीस तुम्हाला दाखवायचा. त्यानंतर फक्त शिफ्टच्या शेवटी नोंद बघायची.

वयाने मोठ्या माणसाच्या बाबतीत थोडं जपून. जुन्या लेथवर 20 वर्षं काढलेला माणूस सीएनसीवर आला की मोजमापात त्याचे 3 असतात, पण ऑफसेटच्या चौकोनात 0 आणि प्रश्नचिन्ह. त्याला शिकाऊ मुलांसमोर सूचना दिल्या तर तो त्या मशीनजवळ पुन्हा फिरकणार नाही. शिफ्टच्या आधी 20 मिनिटं बोलवा आणि म्हणा, ‘काका, मापात तुमचा हात धरणारा इथे कोणी नाही. बटणांचं तेवढं दोघं मिळून बघू, तीन-चार दिवसांत बसेल हातात.’ आणि त्याच आठवड्यात मायक्रोमीटर धरायला शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. तक्त्याचा खरा उपयोग इथे दिसतो. एकाच माणसाला एका कामात सांगायचं आणि दुसऱ्यात सोपवायचं.

विचारून ठरवणं

चर्चेचा एक नियम कडक पाळा: जे ठरून गेलं आहे, ते विचारू नका. मालकांनी तारीख दिली असेल तर ‘डिस्पॅच कधी करूया?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. माणसांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. आधी न हलणाऱ्या गोष्टी सांगा, मग ज्याच्यात खरोखर वाव आहे तेवढंच पुढे ठेवा.

वडोदऱ्यात याची हमखास गरज पडते ती नवरात्रात. नऊ रात्री गरबा, झोप अपुरी, आणि सकाळी मशीनवर पेंगुळलेला माणूस. वरून रोस्टर लादलं की शेवटच्या तीन दिवसांत पोटदुखीचे फोन सुरू होतात. त्यापेक्षा 15 दिवस आधी 20 मिनिटांची बैठक घ्या. फळ्यावर तीन न हलणाऱ्या गोष्टी लिहा: डिस्पॅचच्या तारखा, प्रत्येक मशीनला एक ऑपरेटर, प्रत्येक शिफ्टला निदान एक सेटर. मग प्रत्येकाला चिठ्ठी द्या, त्यावर त्याने हव्या असलेल्या दोन सुट्या आणि ज्या दिवशी नक्की येईन असे दोन दिवस लिहायचे. बोलायची पाळी सगळ्यांत नव्या माणसापासून सुरू करा आणि तुम्ही शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात की बाकीचे मान डोलावतात आणि बैठक तिथेच संपते. शॉपमध्ये गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही बोलणारे असतील तर ठरलेलं सगळ्यांना समजेल अशा भाषेत पुन्हा वाचून दाखवा.

एवढं करूनही सकाळची पेंग उरतेच. त्या नऊ दिवसांत नवं सेटिंग सकाळी 10 च्या आत ठेवू नका, पहिले तीन तास चालू असलेलेच जॉब घ्या. फिरत्या चकजवळ पेंगुळलेला माणूस ही रोस्टरपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. तिथे चर्चा नको, त्याला तडक मशीनवरून उठवा. उत्तरायणाच्या 14 आणि 15 जानेवारीलाही बैठकीची हीच रीत वापरता येते, फक्त सुट्या जवळपास सगळ्यांनाच हव्या असल्याने गेल्या वर्षी कोण थांबलं होतं याची नोंद समोर ठेवून बसा.

सोपवणं

‘आता तू बघ’ एवढं म्हणणं म्हणजे सोपवणं नव्हे. कामासोबत अधिकार गेला नाही तर माणूस प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे येतो आणि शेवटी तुम्हीच ते काम करता. पाच ओळी लिहून द्या: निकाल काय हवा, कधी हवा, खर्चाची मर्यादा किती, कशाला विचारावं लागेल, आणि कोणत्या दिवशी आपण बसून बघू. टूल क्रिबचं (हत्यारांच्या साठ्याचं) काम सेटरकडे देताना लिहायचं ते असं: ‘महिन्याला इन्सर्टचा तुटवडा पडता कामा नये. 3,000 रुपयांपर्यंतची खरेदी तुम्ही ठरवा. नवीन ग्रेड घ्यायचा असेल तर विचारा. दर शुक्रवारी 15 मिनिटं बसू.’

ही ठरलेली बैठक कधीही चुकवू नका. ती चुकली की दोनच गोष्टी होतात: एक तर तुम्ही काळजीपोटी मधूनच डोकावू लागता आणि त्याला वाटतं विश्वास नाही, किंवा तुम्ही विसरता आणि महिन्याअखेर शेल्फ रिकामं सापडतं. बाकी दिवशी त्याने तुमच्यापेक्षा वेगळ्या रीतीने काम केलं तरी निकाल मिळत असेल तर बोलू नका. अनेक चांगल्या कारागीर-सुपरवायझरना ही गोष्ट फार जड जाते.

फुली दिसली तर

एकांतात बसा, चहा मागवा, आणि बघितलेली गोष्ट सांगून सुरुवात करा. ‘तुम्ही आळशी झालात’ हा निवाडा झाला. ‘गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा फर्स्ट पीसची नोंद राहिली, आधी तुमची एकही राहत नव्हती. काय झालं?’ ही माहिती झाली. मग गप्प बसा. ही शांतता अवघड असते आणि बहुतेक सुपरवायझर ती स्वतःच बोलून मोडतात.

कारणं बहुतेक वेळा ओळखीची निघतात: ओव्हरटाइम ठरावीक लोकांनाच मिळतो, कालच्या नव्याला पगार जास्त लागला, कंबर दुखते पण सांगायची लाज वाटते, घरी आजारपण आहे. ज्यात तुमचा अधिकार आहे ते तिथेच सोडवा. ज्यात नाही ते वर कुणाकडे आणि कोणत्या दिवशी नेणार ते सांगा, आणि त्या दिवशी उत्तर काहीही असो, येऊन कळवा. उठण्याआधी त्याच्याकडूनही एक गोष्ट तारखेसह ठरवून घ्या.

आणीबाणीत

आग, टूल क्रॅश (चालू मशीनमध्ये हत्यार आदळणं), कुणाचा हात अडकणं. इथे तक्ता बाजूला ठेवून एकच पद्धत: छोटा हुकूम, नाव घेऊन. ‘कुणीतरी मेन बंद करा’ म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ज्याला सांगायचं त्याच्याकडे बोट दाखवून नाव घ्या, आणि झालं की ओरडून सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी 15 मिनिटं सगळ्यांना घेऊन काय घडलं ते बघा. दोषी शोधायला ही बैठक वापरलीत तर पुढचा अपघात तुमच्यापासून लपवला जाईल. धोका टळल्यावरही हुकमाचाच सूर चालू राहणं, ही इथली नेहमीची चूक.

बक्षीस, ध्येय आणि नवा बदल

इन्सेंटिव्ह ही देवाणघेवाणीची पद्धत आहे आणि ती चालते, पण ती जे मोजाल तेवढंच वाढवते. एकूण पीसवर पैसे दिलेत तर रिजेक्शनही वाढेल. पैसे ओके पीसवरच द्या.

काम कशासाठी, हे सांगायला पैसे लागत नाहीत, तरी ते क्वचितच सांगितलं जातं. आपला बुश कुठल्या पंपात बसतो, व्यास चुकला तर सील कसं गळतं, हे तयार पंप समोर ठेवून एकदा दाखवा.

नवी पद्धत आणताना, मग ती पाच-एसची (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीची) पट्टी असो की टॅबवरची नोंद, आधी एका कोपऱ्यात करून बघा. या शहराला त्याचा मोठा दाखला आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली तालुक्यात सुरू केलं आणि 1906 मध्ये ते संपूर्ण बडोदा संस्थानात लागू केलं. ध्येयाबद्दल तडजोड नव्हती, सक्तीही होती, पण सुरुवात एका तालुक्यापासून झाली. शॉपमध्ये तेरा वर्षं लागत नाहीत. एक मशीन, एक शिफ्ट, तीन आठवडे पुरेत. त्या तीन आठवड्यांत येणाऱ्या तक्रारी लिहून ठेवा, कारण बाकीच्या मशीनवर त्याच येणार आहेत.

पायरी 3: पद्धत बदलताना सांगून बदला

परवापर्यंत प्रत्येक आकडा विचारणारा साहेब आज अचानक विचारेनासा झाला, तर माणसाला वाटतं साहेब नाराज आहेत. उलट, मोकळीक असलेल्याच्या मागे तुम्ही उभे राहिलात तर त्याला वाटतं आपल्यावर संशय आहे. म्हणून आधी बोला: ‘तीन लॉट तुझे एकही दुरुस्ती न लागता गेले. सोमवारपासून ऑफसेट तूच ठरव, मी फक्त संध्याकाळी नोंद बघेन.’

एका वेळी एकच पायरी वर न्या. चूक झाली तर एकच पायरी खाली या. एका रिजेक्शनवरून थेट पहिल्या दिवशीच्या देखरेखीवर गेलात तर तो माणूस पुढची चूक सांगणार नाही. नवं मशीन, नवं ड्रॉइंग किंवा लांब रजेवरून परत येणं, या तिन्ही वेळी त्या त्या चौकोनातला आकडा आपोआप एकाने कमी धरा.

हमखास होणाऱ्या चुका

सगळ्या टीमला एकच पद्धत लावणं ही पहिली. तिच्यात नवशिके बुडतात आणि जाणकार कंटाळून जवळच्या सावली किंवा हालोल गावी दुसरी नोकरी शोधतात.

मूडप्रमाणे पद्धत बदलणं याहून वाईट. सोमवारी मालकांचं ऐकून आलेला साहेब हुकूम सोडतो, शनिवारी खुशीत असला की सगळं माफ. मग माणसं कामापेक्षा साहेबांचा चेहरा वाचायला शिकतात.

कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांचाच साहेब होणं अवघड असतं. डबा त्यांच्यासोबतच खा, पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाशी वेगळं बोलून तीन गोष्टी स्पष्ट करा: सुट्या कशा ठरतील, ओव्हरटाइम कसा वाटला जाईल, आणि चुकीबद्दल आपण कुठे बोलू. मित्राला पहिली सवलत दिलीत की दुसरी नाकारताना मैत्रीही जाते आणि मानही.

तक्ता महिन्यातून एकदा नव्याने भरा, जुना समोर न ठेवता, आणि मग दोन्ही पानं शेजारी धरा. तीन महिने एखादा चौकोन हललाच नसेल तर त्या माणसाआधी तुमची शिकवण्याची रीत तपासा. तळाशी एक ओळ स्वतःच्या नावाची घाला: कोटेशन वाचणं, ग्राहकाच्या ऑडिटला उत्तरं देणं, मालकांशी पगारवाढीचं बोलणं. तिथे जे आकडे पडतील ते तुमच्या वरिष्ठांना दाखवा आणि सांगा, ‘साहेब, ऑडिटचं मला पहिल्यांदा शेजारी बसवून दाखवा, डिस्पॅचचं मात्र माझ्यावर सोडा.’